मामाजी आणि टेरिलिनचा सदरा

रशिया आणि अमेरिकेच्या चुरशीची सगळ्यात जास्त झळ जगात कुणाला लागली असेल, तर ती अकोल्याच्या माझ्या मामाजींना. ते कापसाचे दलाल. चिमूटभर कापूस ओढून अंगठ्यावर धरायचा आणि धाग्याची लांबी सांगायची, हे त्यांचं काम. त्यांच्या अंगठ्याशी वाद घालायची बाजारात कुणाची छाती नव्हती. रशियानं आभाळात यान सोडलं, की मामाजी रेडिओ बंद करून अमेरिका आता काय सोडते याची धास्ती घेत. त्यांचं म्हणणं, हे दोघे ज्या ईर्ष्येनं वर जातात, त्याच ईर्ष्येनं कारखान्यात तेलापासून कापड काढतात. "भांडून रायले ते दोघं, अन् भाव पडून रायला बार्शीटाकळीच्या कापसाचा," असं ते आल्यागेल्याला ऐकवत. समोरच्याचं कापड चिमटीत धरून चोळल्याशिवाय त्यांना बोलताच येत नसे. कीर्तनकाराच्या उपरण्यापासून पोस्टमनच्या बाहीपर्यंत कुणी सुटलं नाही.

त्यांच्या मुलीसाठी, शांतासाठी, अमरावतीचं स्थळ मी आणलं. मुलगा शाळामास्तर. शांतानं त्याला माझ्या घरी पाहिलं होतं आणि तिला तो मनापासून हवा होता. ऐन मे महिन्यात तो आला, तो त्याच तेलाच्या कापडाचा, टेरिलिनचा, नवाकोरा सदरा घालून. मामाजींनी पाणी विचारायच्या आधी बाही धरली, कडेचा एक धागा काढून ओढला. तो तुटेना.

"हे रशियाचं का अमेरिकेचं?"

"अमरावतीच्या दुकानातलं आहे जी," तो बिचारा म्हणाला.

मामाजींनी मला आत बोलावलं. "पोरगं चांगलं हाये. पण ज्यानं आपल्या कापसाले सोडलं, त्याले पोरगी कशी देऊ?" चुलीपाशी शांतानं पोहे करपवले.

मी वाद घातला नाही. अकोल्याच्या उन्हावर माझा विश्वास होता. पाहुण्याला पत्र्याखालच्या खोलीत बसवलं, चहा दिला, मग आणखी एक दिला. अर्ध्या तासात सदरा पाठीला असा चिकटला, की मुलानं लाज सोडून एखादी बंडी मिळेल का विचारलं. मामाजी स्वतःची धुतलेली सुती बंडी घेऊन धावले. ती अंगात घालून तो जो 'हाऽश' करत मागे टेकला, त्या एका सुस्काऱ्यावर लग्न ठरलं.

"हरले दोघं बी," मामाजी मला म्हणाले. "शांतेले बोलाव."

मामाजींना जाऊन दोन वर्षं झाली. जावई उन्हाळ्यात अजून तीच बंडी घालतो. मी मात्र नायलॉनची साडी नेसते. धुवायला सोपी, लवकर वाळते. फक्त दुकानात गेलं की हात आपोआप समोरच्या नव्या साडीच्या पदराशी जातो, चिमटीत धरून चोळतो. रशियाचं का अमेरिकेचं, हे विचारणारं शेजारी कुणी नसतं. मग मी दुकानदाराला साडी बांधून द्यायला सांगते.