काळी तीनचा गळा

गायन पार्टीबरोबर दोन-चार कार्यक्रम हिंडलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. जीपमध्ये पाय ठेवायला जागा नसते, तिथेही ते मांडीवर येऊन बसतात. मी मात्र किस्से गोळा करायला आलेच नव्हते. लंडनला लोकसंगीत शिकून सोनपेठला परतले, ती आमच्या गल्लीतल्या शाहीर किसनकाकांच्या गाण्यांवर पुस्तक लिहायला. शास्त्रीय गायकाच्या बंदिशीला जो मान, तोच काकांच्या गाण्याला मिळायला पाहिजे, हे माझं म्हणणं तेव्हाही होतं आणि आजही आहे.

मनात एक चित्र होतं. लिंबाखाली घोंगडीवर बसलेला वृद्ध शाहीर, डोळे मिटलेले, आजूबाजूला गंभीर शांतता. प्रत्यक्षात काका दारात खुर्ची टाकून मिशीला कलप लावून बसले होते. कलप वाळेपर्यंत ओठ हलवायचे नाहीत, म्हणून माझ्या प्रत्येक प्रश्नाला ते नुसती मान हलवत होते. आतून त्यांची बायको, साऱ्या गल्लीची मुक्ताआत्या, म्हणाली, "काय इचारायचं ते आत्ताच इचारून घे माय. एकदा का मिशी वाळली, मग तुला बोलायला जागा न्हाई."

तसंच झालं.

*

काकांचं एक गाणं आहे, 'दार उघड' नावाचं. जयंतीच्या दिवसांत पार्टी ज्या गावात जाईल त्या गावाचं नाव त्यात घालायचं, अशी पद्धत. सोनपेठला 'सोनपेठच्या माणसा, दार उघड'. झरीला 'झरीच्या माणसा, दार उघड'.

लंडनला असताना माझ्याकडे या गाण्याचा एकच व्हिडिओ होता, कुणीतरी मोबाईलवर घेतलेला, झरीचा. त्यात 'झरी'च्या 'री'वर काका मध्यमापासून वरच्या षड्जापर्यंत सूर न तोडता घसरत जाणारी अशी काही मींड घेतात की अंगावर काटा येतो. त्या मींडेवर मी प्रबंधात तीन पानं लिहिली होती. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाची आर्तता वगैरे.

सोनपेठला प्रत्यक्ष ऐकलं तर मींड नाहीच. मी काकांना विचारलं, "ती जागा कुठं गेली?"

"कोणती?"

मी गाऊन दाखवली.

"ती व्हय. अगं, झरी दोन अक्षरांचं गाव, अन् ताल तेवढाच. राह्यलेल्या जागंत काय करू, गप बसू?"

मी म्हटलं, "कशामुळे का असेना, जागा सुंदर आहे. तिला मींड म्हणतात." माझी तीन पानं मी मागे घेतलेली नाहीत, अजूनही घेणार नाही. काकांना तो शब्द फार आवडला. पुढच्या वेळी झरीला त्यांनी गाणं मध्येच थांबवून माईकवर सांगितलं, "आता इथं मींड यायलीय. ध्यान देऊन ऐका." झरीकरांनी टाळ्या वाजवल्या.

बातमी सोनपेठला पोचली. दुसऱ्या दिवशी चौकात दोघांनी काकांना अडवलं. "शाहीर, गाव तुमचं हे. मग आमाला कामून न्हाई मींड?"

*

मुक्ताआत्या कोरसमध्ये मागे बसते. गाण्यातली सगळी भांडणं मात्र तिच्यापासून सुरू होतात.

लग्नानंतर काकांनी तिच्यावर गाणं रचलं. त्यात ओळ होती, 'काळ्या रानात उभी माझी मुक्ता'. पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "उभी? मी कव्हा उभी होते? दिवसभर खुरपायले होते मी. बांधावर तुमी उभे होता."

काकांनी 'उभी'च्या जागी 'वाकली' घातलं. आता ही अडचण बघा. 'उभी' पंचमावर निवांत थांबत होती. 'वाकली' तेवढ्या जागेत बसेना. मग पंचम, मध्यम आणि खाली कोमल गंधार, अशा तीन पायऱ्या करून तीन अक्षरं बसवली. आख्ख्या गाण्यात कोमल गंधार फक्त तिथेच येतो, आणि ऐकणारी बाई हमखास तिथेच डोळ्याला पदर लावते.

हे मी आत्याला समजावून सांगितलं. म्हटलं, "आत्या, या गाण्यातला सगळ्यात चांगला सूर तुमच्यामुळे आला."

ती म्हणाली, "मग सांग की त्यांना. मला न्हाई, त्यांना."

*

आता पट्टीची भानगड.

पुस्तकात प्रत्येक गाण्याचे शब्द, स्वर, ताल आणि गाण्याची पट्टी द्यायची असं मी ठरवलं होतं. पट्टी म्हणजे गाणारा पेटीच्या कोणत्या पट्टीला षड्ज मानतो ते. काकांना विचारायचा अवकाश, "काळी तीन. लग्नाच्या आधीपासून काळी तीन. एवढ्या उंच गाणारा दुसरा गडी तालुक्यात दाखव."

सरावाच्या वेळी मी मोबाईलवर सूर मोजायचं ॲप लावलं. ते काळी एक दाखवू लागलं, म्हणजे चांगलंच खाली. मला वाटलं, पेटी उतरली असेल. काकांच्या मागे, पेटीजवळ जाऊन पाहिलं. पेटीवर पाशाभाई असतात, काकांच्या तरुणपणापासून. त्यांचं बोट काळी एकवरच होतं. मी पाहतेय म्हटल्यावर त्यांनी हळूच पट्ट्यांवर रुमाल टाकला.

सराव संपल्यावर ते फाटकापाशी आले. "बेटी, देखी क्या?"

"देखी."

"तो अब नक्को देखो."

मग सांगितलं. एका वर्षी काका तापातून उठले आणि गळा वर जाईना. पाशाभाईंनी न सांगता काळी दोनवर सूर धरला. काका पुढे उभे, पेटी पाठीमागे. पुढच्या वर्षी काळी एकवर. "किसनकू गाना होना. पट्टी का क्या है, मेरे पास बहुत पड़ी हैं."

ढोलकीवालाही ढोलकी तेवढीच उतरवून ठेवतो. आत्यालाही माहीत. "समद्यांना ठाव हाय, त्यांना सोडून," ती म्हणाली. "अन् आमाला बी बरंच हाय. आमचे गळे तरी कुठं राह्यलेत?"

"पण पुस्तकात पट्टी लिहावी लागेल ना."

"लिव्ह की काळी तीन."

"खोटं कसं लिहू, आत्या?"

"मग खरं लिव्ह. पुस्तक आलं की ते पह्यलं तेच पान काढतील. अन् एकदा कळलं की माईकसमोर उभे राहणार न्हाईत, हे बी लिवून ठेव."

प्रत्येक गाण्याखाली 'पट्टी' हा शब्द लिहून त्याच्यापुढे मी जागा रिकामी सोडली.

*

एकदा गंगाखेडचा एक उमेदवार गायक काकांच्या पाया पडायला आला. काकांनी त्याला गायला बसवलं. "कोणत्या पट्टीत गातोस?"

"काळी एक."

"मग आज काळी तीनला गा. भ्यायचं न्हाई."

पाशाभाईंनी चेहरा अगदी सरळ ठेवून नेहमीचा सूर दिला. पोरगा मोकळा गायला. गाणं झाल्यावर स्वतःच्याच गळ्याला हात लावून म्हणाला, "काका, काळी तीन इतकी सोपी असती?"

"माझ्या घरात सोपी लागती," काका म्हणाले.

आठवड्याने त्याचा फोन आला. घरी काही लागत नव्हती.

*

चारठाणा हे मुक्ताआत्याचं माहेर. तिथे कार्यक्रम ठरला, आणि नेमकं त्याच दिवसांत पाशाभाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. पेटीवर जिंतूरच्या ऑर्केस्ट्रातला माणूस ठरवला. त्याला आधीच बाजूला घेऊन सांगायचं होतं. "मी सांगते," आत्या म्हणाली. पण जीपमधून उतरताच भावजयांनी तिला घेरलं, ती सुटली ती थेट स्टेजवर.

संध्याकाळ झाली होती. पहिल्या रांगेत आत्याचे तिन्ही भाऊ, नवे फेटे बांधून. बाकी आख्खं गाव त्यांच्या मागे.

पेटीवाल्याने अदबीने विचारलं, "काका, पट्टी?"

काका सवयीने म्हणाले, "काळी तीन."

त्याने काळी तीन दिली. खरी.

ढोलकीवाल्याचा हात हवेतच राहिला. मी स्टेजच्या कडेला रेकॉर्डर घेऊन बसले होते, मला आत्याचा चेहरा दिसत होता. या सुरात गळा फाटला असता तर तो सासुरवाडीत, मेहुण्यांसमोर फाटला असता. आणि मग पुढे गाणंच नव्हतं.

काकांनी कानावर हात ठेवला. सूर ऐकला. आलाप घेतला नाही. पुन्हा ऐकला. मग मागे वळले, तळहाताने माईक झाकला आणि हळू आवाजात म्हणाले,

"ही न्हवं, बाबा. आमच्या पाशाभाईची काळी तीन द्या."

"म्हणजे कोणती?"

काका तोवर लोकांकडे वळले होते. कोरसमधून आत्या पुढे झुकली, तिने काळी एकवर बोट ठेवलं आणि पदर तोंडाला लावून परत मागे बसली. ढोलकीवाल्याचा हवेतला हात ढोलकीवर पडला.

'चारठाण्याच्या माणसा, दार उघड', काका गायले. मोकळे, भरून गायले. मग आत्याचं गाणं घेतलं, आणि 'वाकली'च्या कोमल गंधारावर तर त्यांनी मागे वळून पाहिलं. तसं ते कधी करत नाहीत.

गाणं संपल्यावर आत्याचा थोरला भाऊ शेजारच्याला म्हणाला, "बगितलं का? ह्या वयात काळी तीन."

परतताना काका जीपमध्ये पुढे बसून चारठाण्याच्या जेवणातल्या ठेच्याबद्दल बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, मी पुस्तकाची पानं काढली. सगळ्या गाण्यांखालच्या रिकाम्या जागी एकच लिहायचं ठरवलं, आणि लिहिलं.

पट्टी : पाशाभाईची काळी तीन.