दुसऱ्याच्या शुगरची गोळी

आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत विरजण मागायला गेलं की त्यासोबत शुगरचा एखादा किस्सा मिळतोच. विरजण संपतं, किस्से साचत जातात. अन् हल्ली तर लोक विरजणासारख्या गोळ्याही मागून नेतात! आता हसावं की डोकं आपटावं?

* * *

शेजारचे मेश्रामभाऊ हिंगण्याच्या कंपनीत आहेत. त्यांना शुगर निघाली. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन दिली, जेवल्यावर घ्या म्हणून बजावलं. भाऊंनी उपाशीपोटी गिळली अन् चढले कंपनीच्या बसमध्ये. पोटात असं ढवळलं की भर रस्त्यात बस थांबवावी लागली!

संध्याकाळी मला म्हणतात, "गोळीच खराब हाय, बाई."

"गोळी चांगली आहे भाऊ, तुमचे कान खराब आहेत!"

* * *

समोरचे भोयरकाका म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. त्यांची शुगर जुनी, म्हणून गल्लीचे डॉक्टरही तेच! त्यांची गोळी वेगळी, ग्लिमेपिराइड.

"तुही गोळी म्हणजे सायकल, माही म्हणजे फटफटी! घे गा मेश्राम," म्हणत त्यांनी गोळ्यांची पट्टीच कापून दिली. भाऊंनी घेतलीही. मास्तरांचा शब्द ना!

दुसऱ्या दिवशी तीच गोळी घेऊन कामावर गेले अन् कंपनीत मशीन बंद पडली. दुरुस्तीच्या नादात डबा तसाच राहिला. भाऊंना दरदरून घाम, हात थरथर, जीभ अडखळलेली. लोकांना वाटलं, पिऊन आला! एकाच्या वडिलांना शुगर होती म्हणून त्याला कळलं, साखर एकदम खाली गेली आहे. त्यानं गोड चहा पाजला, दवाखान्यात नेलं. नाहीतर?

भाऊंची बायको ललितावहिनी दवाखान्यातून आल्या त्या सरळ काकांच्या गेटवर.

"काका, गोळी देली, मंग डबा काहून नाही देला?"

काकांनी पेपरात तोंड खुपसलं.

* * *

वहिनी घाबरल्या होत्या, म्हणून भाऊंच्या पुढच्या तपासणीला मीही त्यांच्यासोबत केबिनमध्ये शिरले.

"तुम्ही कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"शेजारीण."

"मग बसा. ऐकल्याशिवाय जाणार थोड्याच!"

त्यांनी सांगितलं ते असं. मेटफॉर्मिन लिव्हरला जास्त साखर सोडू देत नाही. ती एकटी असली तर शुगर सहसा फार खाली जात नाही. काकांची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवा नाहीतर उपाशी राहा. तिसऱ्या जातीची गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते. आठवड्यातून एकदा घ्यायचं एक इंजेक्शन असतं, त्यानं भूकच कमी होते. कुणाला काय द्यायचं ते किडनी, हार्ट, वजन बघून ठरतं.

घरी येऊन मी हे सगळं काकांना मुद्दाम ऐकवलं. लघवीवाल्या गोळीपाशी त्यांचे डोळे चमकले. "साखर बाहेरच जाते? मंग जिलबी चालते म्हणा ना, पुष्पाबाई!"

हा माणूस हेडमास्तर होता! पोरं पास कशी झाली असतील?

* * *

परवा सकाळी काकांची उपाशीपोटीची तपासणी होती. लॅबवाली ताई घरी येणार होती, तिला उशीर झाला. काकांनी गोळी मात्र रोजच्या वेळेला घेऊन टाकली!

मी दूध आणायला निघाले तर काका ओट्यावर. बनियन घामानं चिंब, हात लटलट कापत होते. मी ओरडले. मेश्रामभाऊंना काही सांगावं लागलं नाही. ते साखरपाण्याचा ग्लास घेऊन धावतच आले, मागून वहिनी.

"नको गा!" काका कसेबसे बोलले. "फास्टिंग बिघडते. आधी सॅम्पल होऊ दे."

"काका, आजवर तुमचं सगळं ऐकलं," भाऊ म्हणाले, "आज नाही ऐकत. प्या!"

वहिनींनी काकांची मान सावरली, भाऊंनी ग्लास ओठाला लावला. काकांनी घोट घोट करत सगळा संपवला. हळूहळू कापरं थांबलं, नजर ठिकाणावर आली. आमचाही जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात गेट वाजलं. लॅबवाली ताई सुई काढत म्हणाली, "काका, उपाशीच आहात ना?"

आम्ही तिघं काकांकडे बघत राहिलो.

काकांनी मिशीवरचं साखरपाणी पुसलं, हात पुढे केला अन् म्हणाले, "एकदम!"