मागितलं, नव्हतं

अंजनाबाई रणपिसे विंझरच्या भांडारात लागल्या त्या धान्य निवडायला. साल होतं १९६७. गुंजवणी खोरे सहकारी संघाची कचेरी आणि गोदाम भोरला होतं आणि सात दुकानं नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत पसरलेली होती. मी कचेरीत टंकलेखक होतो. दुकानांकडून आलेली मागणीपत्रं टाइप करून गोदामात द्यायची, हे माझं काम. त्यामुळे अंजनाबाई मला आधी कागदावर भेटल्या आणि प्रत्यक्षात पुष्कळ उशिरा. सुरुवातीचं जे सांगतो आहे ते त्यांच्या आणि रखमाजींच्या तोंडून ऐकलेलं.

रखमाजी शिळीमकर हे विंझरचे मॅनेजर. माणूस सरळ, पण लोकांना फार भिणारा. बाई सातवी पास आहे, अक्षर मोत्यासारखं आहे, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी तिला मागच्या पडवीत सूप देऊन बसवलं. बौद्धवाड्यातली बाई पुढं तागडीला बसवली तर गाव काय म्हणेल, ही त्यांची धास्ती. अंजनाबाई धान्य निवडू लागल्या. पडवीतून दुकान दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं.

त्यांना ऐकू यायचं ते एवढंच. ‘अमुक हाय का?’ आणि ‘न्हाई.’ दिवसातून वीस-पंचवीस वेळा ‘न्हाई.’

पालीच्या वर डोंगरात एक वस्ती होती. तिथली बनाबाई कंदिलाच्या काचेसाठी एका महिन्यात तिसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदाही काच नव्हती. ती पाणी प्यायला पडवीत आली आणि तांब्या खाली ठेवून म्हणाली, “आठ मैल चालून येती गं मी. ‘न्हाई’ ऐकायला येती व्हय?”

त्या दुपारी अंजनाबाईंनी रखमाजींना विचारलं, “आण्णा, काचा का मागवत न्हाई आपण?”

“काचा खपतच न्हाईत हितं. ही बघ विक्रीची वही. वर्सात एक न्हाई गेली.”

“जाया व्हती कुठं?”

रखमाजींनी वही मिटली. मग पुन्हा उघडली. “म्हंजी?”

“वहीत इकलेलं लिवताय, आण्णा. न्हाई म्हणून माघारी लावलेलं कुठं लिवताय?”

रखमाजी हसले, पण विचारात पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला एक पेन्सिल दिली आणि म्हणाले, “लिव बघू. काय हुतंय ते तरी कळंल.”

अंजनाबाईंनी साबणाच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे वितीएवढे कापले. एका जिनसाला एक पुठ्ठा. पुढच्या बाजूला आला किती, गेला किती, उरला किती. पाठीमागे वर तीनच शब्द, ‘मागितलं, पण नव्हतं’, आणि खाली गावाच्या नावापुढं रेघा. एक माणूस माघारी गेला की एक रेघ. त्यांचा नवरा सोपान सुतारकाम करायचा. त्यानं चहाच्या पेटीच्या फळ्यांचा एक लांबट खोका करून दिला. माल पुरेसा असला तर कार्ड आडवं, संपत आला की उभं. मागणीपत्र लिहायच्या दिवशी उभी कार्डं तेवढी काढायची. दुकानात चारशे जिन्नस, पण काय हवंय ते सांगायला दोन मिनिटं पुरायची.

पुढं काय झालं ते मी भोरमध्ये बसून पाहिलं. विंझरचं मागणीपत्र एकाएकी बदललं. इतर दुकानं ‘साबण, तेल, गूळ नेहमीप्रमाणे’ असं लिहायची. विंझरहून मोत्यासारख्या अक्षरात यायचं, ‘कंदिलाच्या काचा अडतीस. मोठ्या नेढ्याच्या गोणपाटाच्या सुया वीस. खोबरेल नको, मार्चपर्यंत पुरेल.’ गोदामाचे कारकून वैतागायचे. मी मात्र ते पत्र सगळ्यात शेवटी टाइप करायला ठेवायचो, चांगला घास शेवटी ठेवावा तसं.

६९च्या भादव्यात रखमाजी तापानं पडले. दुकान बंद ठेवायची सोय नव्हती. कुठला जिन्नस कुठल्या फळीवर किती आहे हे सांगणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून अंजनाबाई तागडीला बसल्या. दोन-चार घरं आठवडाभर फिरकली नाहीत. मग तीही आली, कारण हवी ती वस्तू तिथं होती. रखमाजी बरे होऊन परतले, त्यांनी गिऱ्हाइकांची रांग पाहिली आणि सूप उचलून खुंटीला अडकवलं. “धान्य निवडाया दुसरी बाई बघतो,” म्हणाले. “तू हितंच बस.”

पाच वर्षं अशी गेली. १९७४ उजाडलं आणि संघात यंत्र आलं.

म्हणजे यंत्र पुण्याला होतं, एका कारखान्यात, आणि आठवड्यातून एक दिवस ते आमच्या संघासाठी चालायचं. प्रत्येक दुकानाची गेल्या वर्षीची विक्री जाड कागदाच्या कार्डांवर बारीक भोकं पाडून नोंदवायची, ती कार्डं यंत्रात घालायची आणि यंत्र खडाखडा वाजत लांबलचक यादी छापून द्यायचं. कुठल्या दुकानाला कुठल्या महिन्यात काय आणि किती, सगळं त्यात. यापुढं मॅनेजरांनी मागणीपत्रं लिहायचीच नाहीत, यादीप्रमाणे माल येईल, असं ठरलं. खरं सांगायचं तर मला माझ्या नोकरीची काळजी वाटली होती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संघाच्या माडीवर बैठक झाली. सातही मॅनेजर, चेअरमन चिमाजीअप्पा आणि यंत्राचं काम बघणारे पुण्याचे तरुण साहेब. रखमाजींच्या मागोमाग एक काटकुळी, सावळी बाई जिना चढून आली. काखेत लाकडी खोका. मी ओळखलं. इतकी वर्षं जिचं अक्षर वाचलं ती हीच.

साहेबांनी याद्या वाटल्या. मॅनेजर मंडळी कौतुकानं कागद उलटून पालटून बघत होती. अंजनाबाईंनी मे महिन्याच्या पानावर बोट ठेवलं आणि रखमाजींच्या कानात काहीतरी सांगितलं. रखमाजी उठले. त्यांचा आवाज खणखणीत निघाला.

“साहेब, आमच्या यादीत मिठाची तीनच पोती हायेत. आमची अंजनाबाई याच्यावर बोलंल.”

मेमधलं मीठ म्हणजे साधी गोष्ट नव्हती. पावसाळ्यात डोंगरातल्या वस्त्यांचे रस्ते चार महिने तुटायचे. मे संपायच्या आत घराघरांत मीठ भरलेलं असावं लागे.

साहेब सौम्यपणे म्हणाले, “बाई, गेल्या मेमध्ये विंझरला दोन पोती विकली गेली. यंत्रानं एक जास्तच धरलंय. यंत्र चुकत नाही.”

“यंत्र न्हाई चुकलं, साहेब,” अंजनाबाई म्हणाल्या. “त्याला जेवडं सांगितलं तेवडं त्यानं बराबर सांगितलं. गेल्या साली मिठाच्या रेल्वे वाघिणी आल्या न्हाईत. दोनच पोती आली, म्हणून दोनच गेली. पर जे माघारी गेले त्यांचं यंत्राला कुणी सांगितलं का?”

कुणीतरी खुसूखुसू हसलं. अंजनाबाईंनी तिकडं पाहिलंही नाही. खोक्यातून मिठाचं कार्ड काढलं आणि पाठीमागची बाजू वर करून साहेबांपुढं ठेवलं.

मी जागेवरून उठून पाहिलं. पाली एकतीस, विंझर बावीस, मार्गासनी अठरा, मग एकेक वस्ती. गेल्या मेच्या सगळ्या रेघा मिळून एकशे त्रेसष्ट.

“मिठाला एक रेघ म्हंजी एक घर, दुबार कुणाला लिवलं न्हाई. चार महिन्याला घरात धा किलो मीठ लागतं, शेळ्यामेंढ्या सोडून. पोतं पंच्याहत्तर किलोचं. तुमीच भागून बघा.”

साहेबांनी कागदावर भागलं. चिमाजीअप्पांनी बोटांवर भागलं. दोघांचं उत्तर एकच आलं, बावीस पोती.

साहेबांनी खोका जवळ ओढला. एक कार्ड काढलं, दुसरं काढलं, उलटं केलं. बराच वेळ ते काढत आणि उलटत राहिले. मग त्यांनी विचारलं, “हे कधीपासून लिहिताय?”

“आडुसष्टपास्नं.”

साहेब इतर मॅनेजरांकडं वळले. “तुमच्यापैकी कुणाकडं अशी नोंद आहे?”

सहाच्या सहा माना खाली गेल्या.

“यंत्रात विक्री आहे,” साहेब हळूहळू म्हणाले, जणू स्वतःलाच समजावत होते. “गरज त्यात नाहीच. माझ्या हे लक्षातच आलं नाही.” आणि मग मोकळेपणानं हसून, “बाई, तुमच्या पाठच्या बाजूसाठी आमच्या कार्डावर जागा करावी लागणार.”

“एक भोक वाढवा की,” अंजनाबाई म्हणाल्या.

आता सगळी माडी हसली, पण हे हसणं निराळं होतं. चिमाजीअप्पांनी मला खूण केली आणि मी त्याच बैठकीत ठराव टाइप केला. विंझरला यादीतल्या तिनांवर आणखी बावीस पोती. उरलेल्या सहा दुकानांत नोंद नाही, तिथं घरं मोजून तसंच मीठ धरायचं. आणि एक मेपासून प्रत्येक दुकानात ‘मागितलं, पण नव्हतं’ लिहायचं, तेही अंजनाबाईंच्या पद्धतीनं. तो कागद टाइप करताना एकही अक्षर चुकलं नाही, एवढं सांगतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मिठाचा ट्रक विंझरला लागला. मी मुद्दाम एस.टी.नं गेलो होतो. दुकानापासून पार नदीच्या उतारापर्यंत माणसं, डोक्यावर पाट्या, काखेत रिकामी पोती. वरच्या वस्तीचे कोंडिबा दोन बैल घेऊन आले होते. अंजनाबाई तागडी धरून उभ्या, तोंडानं वस्तीचं नाव घेत, हातानं माप घालत. उन्हं कलली तेव्हा ट्रक रिकामा होता, दुकानात एक पोतं शिल्लक होतं आणि रांगेत कुणी उरलं नव्हतं. रखमाजींनी मिठाचं नवं कार्ड उलटं करून दाखवलं. पाठीमागं एकही रेघ नव्हती.

“कोरं!” ते ओरडले. “आरं, कोरं हाय!” आणि तो भित्रा माणूस ते कार्ड हातात उंच धरून रस्त्यावर आला.

भाताची कापणी उरकल्यावर साहेबांनी अंजनाबाईंना पुण्याला बोलावलं, यंत्र बघायला. सोपान बरोबर गेला. मोठ्या खोलीत चार मुली भोकं पाडत बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं विंझरचं कार्ड काढून नवा रकाना दाखवला आणि अंजनाबाईंना स्वतःच्या हातानं कळ दाबायला लावली. खट्. त्या मला सांगत होत्या, “म्या म्हटलं, एवडुसं भोक, पर त्यातनं सगळं खोरं दिसतंय.” सोपान मात्र यंत्राचं लाकडी टेबल निरखत होता. सांधा कच्चा आहे, असं त्याचं मत पडलं.

पुढच्या वर्षीच्या याद्यांत माघारी गेलेल्यांचा आकडा छापून येऊ लागला, आणि दोन वर्षांत सातही दुकानांत तो इतका खाली आला की चिमाजीअप्पांनी तो वार्षिक सभेत उभं राहून वाचला. टाळ्या थांबेनात. रखमाजी ७६ला निवृत्त झाले आणि जाताना आपल्या जागेसाठी त्यांनी एकच नाव लिहून दिलं. संघाची ती पहिली बाई मॅनेजर.

७७च्या जानेवारीत संघानं आपल्या आणि शेजारच्या संघांच्या नव्या मॅनेजरांसाठी भोरला आठ दिवसांचा वर्ग घेतला. शिकणारे चौदा, सगळे पुरुष, दोघे-तिघे अंजनाबाईंपेक्षा वयानं मोठे. शिकवायला त्या. बुद्धजयंतीला नेसायचं पांढरं लुगडं, पायात नव्या वहाणा. फळ्यापाशी त्या क्षणभर थांबल्या, तेव्हा पुढच्या बाकावरचे गेनबा, तीस वर्षं स्वतःची दुकानदारी केलेला माणूस, उठून उभे राहिले. त्यांचं बघून बाकीचेही उठले.

“बसा, बसा,” अंजनाबाई म्हणाल्या आणि खडू उचलला. “लई काम हाय.”