साती आसरांची परात

परी म्हटलं की माझं टाळकं अजून सटकतं. पंख लावलेली, गोरीपान, हातात चांदणीची काडी धरलेली ती बाहुली मला नवी नव्हती. वहीच्या कव्हरवर असायची. पण ती आमच्या शिवाजी पेठेत कधी कुणाच्या स्वप्नात आली नाही, कुणाला विहिरीवर दिसली नाही. आमच्याकडं होत्या साती आसरा, पाण्याच्या कडेला राहणाऱ्या सात बहिणी. विहिरीपाशी शेंदूर फासलेले त्यांचे सात दगड असायचे आणि तिथून जाताना भल्याभल्या तोंडाळ बायका आवाज खाली करायच्या.

आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं. मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली, वय वीस. माझे वडील, आमचे आबा, तालमीचे वस्ताद. निम्म्या पेठेला त्यांनी कुस्ती शिकवलेली, आणि घरात त्यांचा शब्द शेवटचा. माझा जीव मात्र झाडांत. भाजी आणायच्या निमित्तानं मी एका नर्सरीत शिरायची आणि कलमं बघत तासभर उभी राहायची. मालक एक म्हातारे मुसलमान गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणत. एक दिवस ते म्हणाले, "पोरी, नुसती बघतीस काय? कामालाच ये की. माझं गुडघं आता चालत न्हाईत."

मी धावतच घरी आले. आबांनी एका वाक्यात निकाल लावला.

"वस्तादाची पोरगी लोकाच्या दारात माती चिवडणार न्हाई."

"मग तुम्ही तालमीत काय चिवडता? लोणी?" मी म्हटलं. आईनं कपाळावर हात मारून घेतला.

आबा हसले नाहीत, पण त्यांना झुंजणारं माणूस आवडायचं हे मला ठाऊक होतं. त्या महिन्यात गावात फुलांचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात बायकांसाठी नवी स्पर्धा होती, 'परीची बाग'. परातीत नाहीतर तबकात जिवंत रोपं लावून चिमुकली बाग करायची आणि तिच्यात छोट्या मूर्ती मांडायच्या. मी आबांना ते सांगितलं.

"तिथं नंबर आण," ते म्हणाले. "पयला, दुसरा, तिसरा, कुठलाबी. मग जा खुशाल नर्सरीत. न्हाई आला तर पुन्हा नाव काढायचं न्हाई."

"ठरलं," मी म्हटलं.

आईची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, जुनी परात घेतली, तळाला खिळ्यानं भोकं पाडली. कुंभाराकडनं मातीचा गोळा आणला आणि बोटाएवढ्या सात बाया केल्या, हिरव्या लुगड्यातल्या. एक पाण्यात पाय सोडून बसलेली, एक केस विंचरणारी, एक धुणं आपटणारी, एक झाडाखाली घोरत पडलेली. एक रुसून पाठ फिरवलेली. एक बुटक्या म्हशीची शेपटी ओढणारी. सातवी तुळशीच्या रोपावर चढलेली. आई घाबरली. "अगं, आसरा काय खेळायला मांडत्यात व्हय?" म्हणाली. पण मग शेपटीवालीकडं बघून तिला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी आबांनी पंच्याचं एक गाठोडं माझ्यापुढं ठेवलं. सोडून बघते तर आखाड्यातली तांबडी माती! आमच्यात बाईमाणसानं तालमीची पायरी चढायची नसते. ती माती माझ्या हातात पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तिला खुराक असतो, माणसाला असावा तसा: ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर.

"ह्या मातीत पैलवान वाढत्यात," आबा म्हणाले. "तुझं हळीव न्हाई वाढायचं?"

मला भरून आलं. झाडांतलं सगळं कळतं म्हणून मिरवणारी मी, मलाही ते पटलं! परात त्या मातीनं भरली, वर हळीव पेरलं, कडेनं ओव्याच्या फांद्या खोचल्या.

चार दिवस झाले, एक कोंब वर येईना. बोट घालून बघितलं तर बी कुजून बुळबुळीत झालेलं आणि परातीला आंबट ताकाचा वास. ओव्याची पानं काळी पडली होती. कुठल्या मुळाला तेल सोसणार होतं? मी स्वतःला चार शिव्या घातल्या आणि आबांसमोर परात नेऊन ठेवली.

"आबा, ही माती झाडं मारती."

"तालमीच्या मातीला नावं ठेवतीस?"

"ठेवतीया. खरं हाय ते सांगतीया."

आबांचा चेहरा उतरला. त्यांनी ती माती कणन्‌कण पंच्यात भरली आणि परत घेऊन गेले. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "आता नंबर आणच. मग बघतो." मला रडू येत होतं. पण प्रदर्शनाला पाचच दिवस राहिले होते, रडत बसायला वेळ कुणाला होता!

पंचगंगेच्या काठचा गाळ आणला, त्यात चाचांनी दिलेलं शेणखत मिसळलं. भिजवलेलं हळीव दाट पेरलं, तुळशीचं रोप लावलं, मधे वाटी पुरून तळं केलं आणि विहिरीच्या भिंतीवरचं शेवाळ खरवडून त्याच्या कडेनं बसवलं. रविवारी, प्रदर्शनाच्या सकाळी, हळीव दोन बोटं वर आलं होतं आणि माझ्या साती जणी त्यात मजेत होत्या.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये बंगल्यांतल्या बायकांच्या बागा होत्या. जपानी पूल, काचेची बदकं आणि जिकडंतिकडं चिनी मातीच्या पऱ्या. आबा फेटा बांधून आले होते आणि इतक्या बायकांत अवघडून खांबाला टेकून उभे होते. परीक्षक बाई माझ्या परातीपाशी बराच वेळ थांबल्या. आधी हसल्या, मग चष्मा काढून वाकून बघितलं.

"रोपं फार सुंदर साधली आहेत. पण ह्या कोण?"

"साती आसरा."

"अगं, विषय परी आहे. परीला पंख असतात."

"ह्यांना पंख कशाला? ह्यांना पोहता येतं की."

मागं दोघीतिघी फिसकन हसल्या. बाई वाईट नव्हत्या, आज कळतं ते. त्यांनी टेबलावरची एक चिनी मातीची परी आणली आणि हळूच म्हणाल्या, "ह्या सात जणी काढ आणि ही ठेव. दुसरा नंबर देते. तुझ्यासाठीच सांगतेय."

मी आबांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते. दुसरा नंबर! हात पुढं केला की नर्सरी माझी होती. पाचच मिनिटांचं काम. पण ती पंखवाली माझ्या पाण्यापाशी उभी राहणार आणि ह्या माझ्या पदरात गुंडाळलेल्या, हे माझ्यानं बघवलं नसतं.

"बाई, ही बाग त्यांची हाय," मी म्हटलं. "मालकिणींना भाईर काढून पाव्हणीला घर देऊ व्हय?"

"मग नंबर देता येणार नाही."

"नगं."

परात डोक्यावर घेतली आणि आबांच्या मागं चालत पेठेत आले.

दारातच आईनं विचारलं, "आला नंबर?"

"न्हाई," मी म्हटलं.

"आला हुता," आबा म्हणाले. "हिनं घेतला न्हाई."

मग पाय धुऊन ते ओसरीवर बसले. "ती बाई हिला नुरा खेळायला सांगत हुती," ते आईला म्हणाले. नुरा म्हणजे आधी निकाल ठरवून केलेली लुटुपुटीची कुस्ती. तशी खेळलेल्या गड्याला आबा पुन्हा तालमीत उभं करत नसत. माझ्याकडं वळून म्हणाले, "ती बाहुली ठिवून नंबर आणला असतास, तर नर्सरीत पाय ठिवू दिला नसता. आता जा."

आईनं सुटल्यासारखा श्वास सोडला. मला मात्र राग आला, ह्या वेळीही निकाल त्यांनीच लावला होता.

"आबा, तुम्ही जा म्हणा, न्हाईतर नका म्हणू. हॉलमधनं निघतानाच माझं ठरलंय. उद्या सकाळी आठला मी नर्सरीत जाणार."

आबा आईला म्हणाले, "उद्यापास्नं हिचा डबा कर."

"माझा मी करीन," मी म्हटलं.