विनायक सरांचा राक्षस

सौंसरच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारे विनायक सर संध्याकाळी पाच ते सात हौसेने गावच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून बसत. तिथे दोन कपाटं महत्त्वाची. एक विज्ञानकथांचं, ते सरांनी नागपूरला खेपा घालून भरलं होतं. दुसरं जादू, राक्षस आणि शापित राजकन्यांचं, ते आपोआप भरत गेलं होतं. १९८० साली दोन्ही कपाटं सारखीच उघडत. पाच-सहा वर्षांत मात्र पहिल्याच्या कुलपाला गंज चढला आणि दुसऱ्याचं कुलूप लावणंच सरांनी सोडून दिलं. माणूस चंद्रावर जाऊन धडपणे परत आला आणि लोकांची त्यातली गोडीच गेली, असं ते चिडून म्हणत.

ही चीड निव्वळ तात्त्विक नव्हती. सरांनी अकरा वर्षं खपून ‘शनीवरचे पाणी’ नावाची कादंबरी लिहिली होती. यानाला इंधन किती लागेल, याचं गणितच त्यांनी तीनदा नव्याने मांडलं होतं. पुस्तक छापून आलं, कपाटात लागलं आणि तिथेच राहिलं. पत्नी नलिनीताईंनी ते तिसऱ्या दिवशी परत केलं आणि छपाई सुबक आहे म्हणाल्या. आपल्याला कुणीतरी एकदा लेखक म्हणावं, एवढीच सरांची इच्छा होती, आणि तेवढंच होत नव्हतं.

सगळी मदार इंदूताईंवर. या पोस्टमास्तरांच्या पत्नी. त्यांनी वाखाणलेलं पुस्तक गावभर फिरे.

“सर, याच्यात राक्षस हाय का?” त्यांनी विचारलं होतं.

“नाही. गुरुत्वाकर्षण आहे.”

“मंग राहू द्या.”

शेवटी त्या पुस्तकाला वाचक मिळाला, तो वाळवी. तिने पुठ्ठा, नावाचं पान आणि सरांचा फोटो एवढं खाल्लं. पुढची प्रकरणं तिलाही जड गेली असावीत. दिवाळीआधी फाटकी पुस्तकं पोत्यात भरून बसच्या टपावरून पांढुर्ण्याला मोतीराम बाइंडरकडे जात, त्यात हेही गेलं. मोतीराम पुस्तकं बांधायचा ती मापाने, मजकुराशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. बिनपुठ्ठ्याचं पुस्तक आणि रिकामा पुठ्ठा एका मापाचे दिसले, की हा खळ लावून मोकळा. पोतं परत आलं त्या दिवशी सर शाळेच्या तपासणीत अडकले होते. इंदूताईंनी पोत्यातूनच ‘मायावी गुहेचा राक्षस’ उचलला, तो चार दिवसांनी परत आणला.

“काय पुस्तक हाय सर! तो लोखंडी राक्षस एकटाच जहाज चालवून राहिला, कोणाचा शाप असन बिचाऱ्याले! मी त रडली.”

सरांनी पहिलं पान उघडलं, मिटून पुठ्ठा पाहिला आणि पुन्हा उघडलं. पुठ्ठा राक्षसाचा आणि आत ‘शनीवरचे पाणी’, आपला यंत्रमानव! पुढच्या दोन महिन्यांत पुस्तकाला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. लोधीखेड्याहून माणसं नंबर लावून गेली. सरांना आनंद होई आणि लगेच त्या आनंदाचा संताप येई. एका संध्याकाळी त्यांना राहवलं नाही.

“इंदूताई, तो राक्षस मी लिहिलाय.”

इंदूताईंनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “तुमी? तुमी त गुरुत्वाकर्षणवाले.”

“खरंच सांगतो.”

“मंग सांगा, ते जहाज कोन्या मंत्रानं उडते?”

सरांनी उत्साहाने खिशातला खडू काढला. “हे पाहा, द्रवरूप हायड्रोजन जेव्हा...”

इंदूताईंचा चेहरा उतरला. त्यांनी पिशवी उचलली, चपला पायात सरकवल्या. सर बघत राहिले. अकरा वर्षं डोळ्यांपुढून गेली, तिन्ही गणितं गेली. त्यांनी खडू ठेवून दिला.

“तो मंत्र उघड करता येत नाही,” ते हळूच म्हणाले. “सांगितला की त्याची ताकद जाते.”

इंदूताई थबकल्या. त्यांनी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि वाकून नमस्कार केला.

“मंग तुमीच लिहिलं असन, सर.”