उठवायची काता

किस्से काही साठवावे लागत नाहीत हो. एका हॉलमध्ये वर्षानुवर्षं एकमेकांच्या लाथा खाल्ल्या की ते आपोआप साठतात. अवघड काम आहे ते ऐकणारं माणूस शोधण्याचं. पूर्वी मी नुसतं 'डबल बेल' म्हटलं तरी आम्ही चौघं पोट धरून हसायचो. आता घरी म्हटलं, तर आई उठून दार उघडायला जाते! म्हणून आज तुम्हाला पकडलंय. हसा, नका हसू, पण मध्येच मोबाइल काढायचा नाही.

पिपरी मेघेत विहाराच्या मागे एक लांबट हॉल आहे. तिथे आमचा कराटेचा क्लास. शिकवणारे उमरे सेन्साई. सेन्साई म्हणजे कराटेतले गुरुजी. पोटापाण्याला ते एसटीत कंडक्टर होते, वर्धा-समुद्रपूर गाडीवर. शिकणारे येत-जात राहिले, पण टिकलो आम्ही चौघं. प्रफुल्ल सेलूहून यायचा, तिथल्या कृषी केंद्रात बियाणं विकायचा. मंगेश इथलाच, अंगाने भरलेला आणि तोंडाने त्याहून. शीतल माझी शाळेपासूनची मैत्रीण. आणि मी वैशाली. मी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, त्यामुळे गावात माझा दरारा आधीपासूनच आहे.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी धक्का नको. चौघांतली आता मी एकटी उरले आहे. सेन्साई दिवाळीपासून खाटेवर आहेत. हॉलची किल्ली माझ्या पर्समध्ये असते आणि ती परत करून टाकावी, असं रोज वाटतं.

*

तर डबल बेल. भंगारात निघालेल्या गाडीची घंटा सेन्साईंनी कुठूनशी मिळवली आणि हॉलच्या खिडकीला दोरीने टांगली. एक ठोका म्हणजे थांबा. दोन ठोके म्हणजे चला. 'हाजिमे' वगैरे जपानी हुकूम दुसऱ्या क्लासात! आमच्याकडे टण टण झालं की लाथा सुरू. आणि कुणी मागे घुटमळला की, "पुढं सरका, पुढं सरका, समोर जागा हाय!"

वर्ध्यातच एक स्पर्धा होती. प्रफुल्ल असा काही खेळत होता की समोरचा पोट्टा रडायच्या बेतात आलेला. तेवढ्यात मैदानाबाहेर कुल्फीवाल्याने घंटा वाजवली. एकदाच.

प्रफुल्ल जागच्या जागी थांबला. हात खाली, नजर समोर, पुतळा! समोरच्याने ही संधी सोडली नाही. प्रफुल्ल थेट चटईबाहेर.

रेफरी धावत आला, "अबे, काऊन थांबला तू?"

"बेल वाजली ना सर!"

आम्ही कपाळावर हात मारला. सेन्साई मात्र छाती फुगवून शेजारच्या क्लासच्या सरांना सांगत होते, "शिस्त म्हनतेत याले!"

*

आता त्या जपानी पुस्तकांचं. एक जपानी पाहुणा सेन्साईंच्या गाडीत बसला आणि सुतळीने बांधलेला गठ्ठा वरच्या रॅकवर विसरून गेला. सेन्साईंनी तो इमानदारीने डेपोत जमा केला. बरेच महिने कुणी फिरकलं नाही. साहेब म्हणाले, रद्दीत टाका. सेन्साईंनी उघडून बघितलं तर आत मारामारीच मारामारी! चित्रकथा होती, मंगा म्हणतात तिला, बरेच भाग. कव्हरं फाटलेली, अक्षर एक वाचता येईना. त्यांनी गठ्ठा बाइंडरकडे नेला. बाइंडरने तो आपल्या पुस्तकांसारखी शिवण डावीकडे घेऊन बांधला आणि एक जाडजूड ग्रंथ तयार झाला.

दर रविवारी क्लासनंतर आम्ही घोळका करून तो बघायचो. काय गोष्ट होती सांगू! सुरुवातीला सगळीकडे रेती. जग बुडालेलं, घरं पडलेली, आणि पांढऱ्या दाढीचा एकच म्हातारा एका पडक्या आखाड्यात एकटा उभा. मग पानापानाला चमत्कार. भुईवर कुणी आडवा पडलेला असतो, तो हवेत उचलला जातो, मग म्हाताऱ्याची मूठ त्याच्या छातीला लागलेली दिसते, मग मूठ मागे कमरेला येते आणि तो माणूस ताठ उभा! असे एकेक करून शेकडो उठतात. भिंती उभ्या राहतात, बाजार भरतो. म्हातारासुद्धा तरुण होत जातो.

"हे कसं काय सेन्साई?" शीतलने विचारलं.

"रोज सराव केला का होते!"

संवाद मंगेश घालायचा. मूठ मागे आली की पडलेल्याला उद्देशून, "ऊठ बे, किती झोपून राह्यला!" शेवटच्या पानावर भरलेला आखाडा, रांगाच रांगा, आणि दारात एक लहान पोरगा हसत उभा. ते पान आलं की शीतल दरवेळी डोळे पुसायची. मी नाही पुसायचे, मला सर्दी व्हायची.

*

सेन्साईंनी त्यावरून काता बसवली. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, त्यात काल्पनिक शत्रूला मारायचं असतं. आमच्या कातेत उलट. मंगेश चटईवर पडायचा, आम्ही तिघं त्याच्या छातीपासून मूठ हळूहळू मागे ओढायचो आणि एकसाथ ओरडायचो, "ऊठ बे!" मग तो उठायचा. पहिल्याच दिवशी मंगेश खरंच झोपला. सगळी काता झाली, तीनदा ओरडलो, तरी गडी घोरतोय!

ही काता आम्ही नागपूरच्या स्पर्धेत केली. दुसऱ्या टीमचे पोट्टे खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. पंचांनी सेन्साईंना बोलावलं.

"उमरे, यात शत्रू कुठं आहे?"

सेन्साईंनी शांतपणे मंगेशकडे बोट दाखवलं. "तो काय, उठला ना!"

शेवटचा नंबर आला. परतीच्या गाडीत सेन्साईंनी आम्हाला सगळ्यांना संत्री खाऊ घातली, जिंकल्यासारखी.

*

पुढे प्रफुल्लला पुण्यात नोकरी लागली. तिथे त्याच्या रूमवरचा एक जण असल्या मंगांचा दर्दी निघाला. एका रविवारी आम्ही हॉलमध्ये असताना प्रफुल्लचा व्हिडिओ कॉल आला. तोंड पडलेलं.

"सेन्साई, लय मोठी गडबड झाली. जपानी पुस्तक उजवीकडून वाचतेत. आपण सगळी गोष्ट उलटी वाचली!"

खरी गोष्ट अशी होती: भरलेलं शहर, भरलेला आखाडा, मग मारामारी, एकेक जण पडत जातो, भिंती कोसळतात, आणि शेवटी रेतीत एक म्हातारा एकटा उभा. उठवलं कुणालाच नव्हतं. त्याने सगळ्यांना मारलं होतं किंवा मरताना पाहिलं होतं.

मंगेश म्हणाला, "म्हणजे मी इतके वर्ष मेलेला पडत होतो?"

सेन्साईंनी ग्रंथ उचलला, उजवीकडून उघडला, थोडा वेळ बघितला आणि बंद केला.

"त्यायनंच उलटी छापली असन," ते म्हणाले आणि जाऊन घंटा वाजवली. टण टण!

*

मंगेश हैदराबादला गेला, भावाच्या गॅरेजमध्ये. मग शीतलचं लग्न ठरलं, भंडाऱ्याकडचं. आमच्यात एक रीत पडली होती. जो जाणार, त्याने शेवटच्या दिवशी चटईवर पडायचं आणि बाकीच्यांनी त्याला कातेने उठवायचं. शीतलला लग्नाच्या गडबडीत हॉलवर यायला जमलंच नाही. मग काय, मंगल कार्यालयातच! वंदना झाली, हार घातले गेले, आणि बाई पांढऱ्या साडीत, हारासकट, स्टेजवर सरळ आडव्या झाल्या! मी, सुट्टी काढून आलेला प्रफुल्ल आणि सफारीतले सेन्साई मुठी वळून तिच्याभोवती उभे.

नवरदेवाचे मामा किंचाळले, "अव माय! पोट्टीले फिट येते काय? आधी नाई सांगतलं!"

"ऊठ बे!" आम्ही ओरडलो आणि शीतल उठली. नवरदेव बिचारा इतका घाबरला होता की आम्ही सांगायच्या आधीच त्यानेही सेन्साईंना वाकून 'ओस', म्हणजे आमचा कराटेतला नमस्कार, केला.

त्या रात्री गाडीने परत येताना सगळे हसत होते. मीही हसले. मग दुसऱ्या रविवारी हॉलवर गेले आणि कळलं, चटया आता मला एकटीलाच अंथरायच्या आहेत.

*

नंतर बराच काळ आम्ही दोघंच. लहान मुलं यायची, महिनाभर टिकायची, मग ट्यूशन लागली की बंद. सेन्साई रिटायर झालेले, पण हजेरी रोज घ्यायचे.

"प्रफुल्ल!" ते हाक मारायचे, थांबायचे. "शीतल!" थांबायचे. "मंगेश! अबे मंगेश!" थांबायचे. "वैशाली!"

"ओस!"

एवढ्या मोठ्या हॉलमध्ये माझा आवाज घुमायचा. मी माझ्या जुन्या जागीच उभी राहायचे, मागच्या कोपऱ्यात, कारण पुढे त्या तिघांच्या जागा होत्या. एक दिवस सेन्साई बघत राहिले आणि म्हणाले, "पुढं सरका, पुढं सरका. जागाच जागा हाय."

मी हसले नाही, आणि तेही हसले नाहीत. आमच्या ग्रुपवर आता फक्त गुड मॉर्निंगचे फोटो येतात. राग नाही माझा कुणावर. ज्याचं त्याचं पोट आहे, ज्याचा त्याचा संसार आहे. पण खरं सांगू? लय एकटं वाटतं. रेतीत उभा असलेला तो म्हातारा आठवतो आणि वाटतं, गोष्ट उजवीकडूनच खरी होती.

*

आणि आता हा गेल्या रविवारचा.

दिवाळीत सेन्साईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दर रविवारी हॉल झाडून मी त्यांच्याकडे जाते. या वेळी गेले तेव्हा काकू, म्हणजे सेन्साईंच्या मिसेस, स्वयंपाकघरात कुकर लावत होत्या. मी किल्ली काढून सेन्साईंच्या उशाशी ठेवली.

"सेन्साई, मी आता नाई उघडत हॉल. कोणी येत नाई. मी एकटीच जातो, झाडतो, घंटीकडं पाहातो आणि वापस येतो. कायले करू सांगा? मले नाई होत आता."

ते माझ्याकडे बघत होते. समजतं त्यांना सगळं. खुर्ची शेजारीच होती, पण मी खाली फरशीवर बसले आणि रडायला लागले. रक्त काढताना पोरांना 'रडू नको' म्हणून दम देणारी मी, चांगली भोकाड पसरून रडले. उठावंसंच वाटेना. घरी जावंसं वाटेना, हॉलवर तर नाहीच.

काही वेळाने मान वर केली तर सेन्साईंचा डावा हात पांघरुणाबाहेर आलेला. मूठ वळलेली, माझ्या दिशेने धरलेली. ती मूठ ते मागे ओढायला लागले. हळूहळू, जशी शिकवली होती तशी, पार कमरेपर्यंत. ओठ हलले, आवाज काही निघाला नाही.

मी उठले.

नाक पुसलं. किल्ली उचलून घेतली आणि तिथेच उभी राहिले, मागच्या कोपऱ्यात उभी राहते तशी.

सेन्साईंनी हात बाजूला नेला आणि बोटातली अंगठी खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटली. टण टण!

आतून काकूंचा आवाज आला, "पाह्य ना व वैशाली, कोणी आलं काय?"