रज्जाकभाईंचं वळण

खडकी बाजारातल्या माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाची पाटी रंगवायला रज्जाकभाई आले ते १९९८ साली. तेव्हा त्यांचं वय बेचाळीस. शिडी लावण्याआधी त्यांनी मला विचारलं, "लोक पाटी कुठून वाचणार? चालत येताना, की पलीकडच्या फुटपाथवरून?" तोवर कुठल्या पेंटरने मला असलं काही विचारलं नव्हतं. खडूची एक आडवी रेघ मारली, बाकी सगळं हातानं. अक्षराला एक खास वळण होतं: शिरोरेघ शेवटाला किंचित वर उचललेली, आणि 'ळ'ची दोन पोटं कधी सारखी नसायची, डावं जरा लहान.

त्याच सुमाराला कंप्युटरवर कापलेली, चिकटवायची अक्षरं बाजारात आली. सकाळी सांगितली की संध्याकाळी तयार. रज्जाकभाईंची कामं गळायला लागली. त्यांची बायको शकीला शिवणकाम करायची. तीच म्हणाली, "अहो, रडत बसण्यापेक्षा ते मशीन शिका."

शनिवार पेठेत श्यामसुंदर नावाच्या गृहस्थांचा डीटीपीचा क्लास होता. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांचं कामही तिथंच चालायचं. रज्जाकभाई लुनावरून तिथं जायला लागले, कॉलेजातल्या पोरापोरींच्या शेजारी बसायला लागले. फाइल उघडणं, मजकूर लावणं, रंग भरणं, सगळं जमलं. पण माउसनं अक्षर काढायला गेले की बोटं बावचळायची. मला म्हणाले, "साबणाच्या वडीनं लिहिल्यासारखं वाटतं हो."

शकीलाची भिशी लागली तेव्हा घरी कंप्युटर घ्यायचं ठरलं. त्यासोबत आणखी एकच वस्तू परवडत होती: प्रिंटर किंवा स्कॅनर. खरेदीच्या दिवशी मी सोबत होतो.

"काका, प्रिंटर घ्या," दुकानदार म्हणाला. "गिऱ्हाइकाच्या हातात कागद पडला की काम पक्कं. स्कॅनर घेऊन काय करणार?"

"कागद मी बाहेरून छापून आणीन," रज्जाकभाई म्हणाले. "माझा हात या डब्यात कसा घालायचा ते सांगा."

त्यांनी स्कॅनर घेतला. निवड अचूक होती, हे मी आजही सांगेन. ते ब्रशनं किंवा बोरूनं कागदावर लिहायचे, कागद स्कॅन करायचे आणि ते अक्षर पडद्यावरच्या मजकुरात बसवायचे. पत्रिका, मसाल्याची लेबलं, शाळेच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ अशी कामं यायला लागली. 'रज्जाक शेख, ग्राफिक डिझायनर' असं कार्ड त्यांनी छापलं. दोन वर्षं बरी गेली.

मग श्यामसुंदरनी त्यांना बोलावून घेतलं. "रज्जाकभाई, दर वेळी लिहायचं, स्कॅन करायचं, कशाला? सगळी अक्षरं एकदा काढून द्या. मी फॉन्ट करून देतो. मग तुम्ही कळ दाबाल आणि तुमचंच वळण उमटेल."

रज्जाकभाईंना काय आनंद झाला! चार महिने ते बसून होते. बाराखड्या, जोडाक्षरं, आकडे. एकेक अक्षर दहा-दहा वेळा, त्यातलं पसंत पडलेलं एक कागदावर. त्या काळात त्यांनी बाहेरची कामं परत पाठवली. सगळे कागद श्यामसुंदरच्या हवाली केले. काही दिवसांनी त्यांना एक सीडी मिळाली. घरी कळ दाबली आणि पडद्यावर आपलंच 'क' आलं, तेव्हा त्यांनी शकीलाला आणि मुलीला, सिताराला, हाक मारून बोलावलं.

२००३ साली हडपसरला एका फ्लेक्सच्या दुकानावर त्यांना तेच वळण दिसलं. आधी वाटलं, आपणच केलेलं काम असेल. पुढच्या चौकात पुन्हा दिसलं. चपलेच्या दुकानावर, दवाखान्यावर. मागं फिरून त्या फ्लेक्सच्या दुकानात विचारलं. फ्लेक्सवाला म्हणाला, "हा 'श्याम' फॉन्ट आहे. सगळ्यांकडे असतो."

ते तडक शनिवार पेठेत गेले. मला त्यांनी ती भेट नंतर शब्द न् शब्द सांगितली.

"सर, ही माझी अक्षरं आहेत."

"अक्षरं कुणाची असतात हो?" श्यामसुंदर म्हणाले. "'क' काय तुम्ही शोधून काढलात?"

"'क' नाही. पण हा 'क' माझा आहे."

"काही लिहून घेतलं होतं का आपण? नाही ना? बिंदू बिंदू लावून फॉन्ट मी उभा केला. तुम्ही शाई दिलीत. आणि तुमची सीडी तुम्हाला फुकट मिळाली, हे विसरू नका. चहा घेणार?"

"माझे कागद तरी द्या."

"ऑफिस वरच्या मजल्यावर हलवलं तेव्हा रद्दीत गेले असतील."

चहा न घेता ते परतले. एका वकिलाला भेटले. त्यानंही आधी कागदच मागितले.

यापेक्षा वाईट पुढं झालं. हडपसरच्या विजयमालाबाई मसाले करायच्या, रज्जाकभाईंच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी नव्या मिरचीपुडीसाठी मुद्दाम हातानं लिहिलेलं लेबल मागितलं. रज्जाकभाई लिहून घेऊन गेले. बाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, मी हातानं सांगितलं होतं. हे तर कंप्युटरचं हाय."

रज्जाकभाईंनी पिशवीतून ब्रश काढला आणि त्यांच्यासमोरच 'मिरची' लिहिलं. बाई कौतुकानं बघत राहिल्या. "अगदी तसंच काढता की तुम्ही! लई सराव केलेला दिसतोय."

घरी येऊन त्यांनी वळण बदलायचा प्रयत्न केला. महिनाभर. शिरोरेघ सरळ ठेवायची, पोटं सारखी करायची. हात ऐकेना. पंचवीस वर्षांची सवय होती ती. आणि जे बदलून यायचं ते कुणाचंच वाटायचं नाही.

शेवटी वारज्याला एका फ्लेक्सच्या दुकानात त्यांनी ऑपरेटरची नोकरी धरली. वाढदिवसांचे, श्रद्धांजलीचे, भावी नगरसेवकांचे बोर्ड. चेहरे वीस, नावं चाळीस, आणि नावं कोणत्या अक्षरात हे सांगायलाच नको.

चार वर्षांनी श्यामसुंदर त्या दुकानात आले. फॉन्टला ठळक जोडीदार हवा होता, म्हणजे त्याच वळणाची जाड अक्षरं; लोक मागत होते. "तुम्हीच काढून द्या. या वेळी तुमचं नाव घालतो."

"सर, मी आता लिहीत नाही," रज्जाकभाई म्हणाले. ते खोटं होतं. रविवारी ते लिहायचे.

मला हे कळलं तेव्हा मी त्यांना वेड्यात काढलं. नाव तरी आलं असतं! शकीलाही तेच म्हणाली होती. रज्जाकभाई माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "या वेळी माझं नाव घातलं, म्हणजे मागच्या वेळचं त्यांचं होतं असं ठरतं. एवढं कळत नाही तुम्हाला?"

श्यामसुंदरचं काही अडलं नाही. कुणाकडून तरी त्यांनी जुनी अक्षरंच कंप्युटरवर एका दुपारी जाड करून घेतली. अक्षरांच्या पोकळ्या बुजल्या, वळणं सुजली. रज्जाकभाईंनी मला एका बोर्डाखाली उभं करून सगळं दाखवलं. खरं सांगायचं तर त्यांनी दाखवेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या मालकाला ती जाड अक्षरं आवडली. तेव्हापासून दुकानातले सगळे बोर्ड त्यातच व्हायला लागले, आणि ते रज्जाकभाईच करायचे.

मागच्या वर्षी बाजारात भेटले. केस पांढरे झालेत, नोकरी अजून चालू आहे. मी विचारलं, "घरी लिहिता की नाही?"

"आता खरंच सोडलं," ते म्हणाले. "लिहायला घेतलं की वाटतं, मी कुणाची तरी नक्कल करतोय."

वारज्याची बस आली तसे ते घाईघाईनं निघून गेले.